सेल्कर्क आणि क्रूसो: घोटाळा नेमका कुठे होतो

'रॉबिन्सन क्रूसो खरंच होऊन गेला' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्याच्या मनात बहुतेक अलेक्झांडर सेल्कर्क असतो. सेल्कर्क हाडामांसाचा स्कॉटिश खलाशी, तर क्रूसो डॅनिएल डेफोच्या १७१९ सालच्या कादंबरीचा नायक. सेल्कर्कची हकिगत त्याआधी सात वर्षं छापून आली होती. त्यात दोघांच्याही अंगावर बकरीच्या कातड्याचे कपडे, मग गल्लत होणारच.

खरा फरक दोघं बेटावर कसे पोचले इथेच आहे. क्रूसोचं जहाज वादळात फुटतं आणि तो एकटा वाचतो. सेल्कर्कचं जहाज मात्र तरंगत होतं. १७०४ साली 'सिंक पोर्ट्‌स' चिलीपासून साडेसहाशे किलोमीटरहून जास्त दूर असलेल्या मास आ तिएरा बेटाशी थांबलं. त्याच्या फळ्यांची पोखरलेली अवस्था पाहून सेल्कर्क कप्तान स्ट्रॅडलिंगशी भांडला. यापेक्षा मला इथेच उतरवा, म्हणाला. कप्तानाने लगेच उतरवलं. मग याचं धाबं दणाणलं, परत घ्या म्हणून विनवू लागला, पण कप्तान बधला नाही. सेल्कर्कचा अंदाज मात्र अचूक निघाला. पुढे ते जहाज खरोखरच बुडालं आणि वाचलेले स्पॅनिशांच्या कैदेत गेले.

सामानाच्या बाबतीत क्रूसो चैनीत होता म्हणायला हरकत नाही. फुटक्या जहाजावरून त्याने हत्यारं, बंदुका, दारूगोळा, शिडाचं कापड, सगळं तराफ्यावरून वाहून आणलं. सेल्कर्ककडे एक बंदूक, थोडी बंदुकीची दारू, कुऱ्हाड, सुरी, भांडं, अंथरूण आणि बायबल. बंदुकीची दारू संपल्यावर तो बकऱ्यांमागे अनवाणी धावून त्यांना हाताने पकडू लागला. एकदा बकरीसकट कड्यावरून कोसळला, दिवसभर बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा बकरी त्याच्याखाली मेलेली. रात्री उंदीर पाय कुरतडायचे, म्हणून जहाजांवरून आलेल्या रानटी मांजरांना त्याने मांस घालून माणसाळवलं. कपडे शिवायला सुईऐवजी खिळा होता. कादंबरीत क्रूसो पिकवतो त्या धान्यापेक्षा आणि पाळतो त्या पोपटापेक्षा मला हा खिळा जास्त खरा वाटतो (अर्थात, तो खराच होता!).

काळातही मोठं अंतर आहे. क्रूसो २८ वर्षं राहतो आणि शेवटची काही वर्षं त्याला फ्रायडे नावाच्या माणसाची सोबत मिळते. सेल्कर्क चार वर्षं चार महिने राहिला, पूर्ण एकटा.

सुटकेचं म्हणाल तर क्रूसो बंडखोरांच्या ताब्यातलं जहाज कप्तानाला परत मिळवून देतो आणि त्यातूनच इंग्लंडला जातो. सेल्कर्कला २ फेब्रुवारी १७०९ रोजी इंग्रज कप्तान वुड्स रॉजर्सच्या जहाजांनी उचललं. त्याआधी रात्री बेटावर उजेड दिसला, तेव्हा जहाजावरच्यांना वाटलं, ही फ्रेंच जहाजं असणार! योगायोग असा की, ज्याच्या मोहिमेत सेल्कर्क निघाला होता तो विल्यम डॅम्पियर याच जहाजांवर वाटाड्या होता. त्याने सेल्कर्कला ओळखलं आणि चांगला खलाशी आहे म्हणून सांगितलं. सेल्कर्क अर्धे अर्धे शब्द बोलत होता, भाषा वापराअभावी गंजली होती. दारू पुढे केली तर नको म्हणाला. बूट घातले तर पाय सुजले. स्कर्व्हीने (ताज्या भाजी-फळांअभावी होणाऱ्या आजाराने) खंगलेल्या खलाशांना मात्र त्याच्याच बेटावरच्या भाजीपाल्याने आणि बकऱ्यांच्या मांसाने उभं केलं. क्रूसोच्या सुटकेत असं काही नाही.

आता नकाशाकडे पाहा. क्रूसोचं काल्पनिक बेट ओरिनोको नदीच्या मुखाजवळ, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या दुसऱ्याच बाजूला. तरी १९६६ साली चिलीने सेल्कर्कच्या मास आ तिएराचं नाव ठेवलं 'रॉबिन्सन क्रूसो बेट'. सेल्कर्कचं नाव गेलं त्याच द्वीपसमूहातल्या, दीडशे किलोमीटरहून जास्त दूरच्या मास आफुएराला. तिथे तो कधी राहिलाच नव्हता.