चिकन रन
पीटर लॉर्ड व निक पार्क यांनी दिग्दर्शित केलेला, २००० साली प्रदर्शित झालेला ब्रिटिश स्टॉप-मोशन (बाहुल्या थोड्या थोड्या हलवून एकेक फ्रेम टिपलेला) विनोदी साहसपट. लांबी ८४ मिनिटे. ब्रिस्टलच्या आर्डमन ॲनिमेशन्सचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. निर्मितीत ड्रीमवर्क्स आणि पाथे या कंपन्यांचाही वाटा होता. पटकथा कॅरी कर्कपॅट्रिक यांची.

कथा घडते १९५० च्या दशकातील यॉर्कशरमध्ये, ट्वीडी नवरा-बायकोच्या कोंबड्यांच्या फार्मवर. काटेरी तारांचे कुंपण, ओळीने उभी लाकडी खुराडी, पहारा देणारी कुत्री, रोजची हजेरी असे सारे युद्धकैद्यांच्या छावणीसारखे आहे. ‘द ग्रेट एस्केप’ (१९६३) या युद्धकैद्यांच्या पलायनावरच्या चित्रपटाचे हे उघड विडंबन. कोंबड्यांच्या गुप्त बैठका भरतात त्या खुराड्याचा क्रमांक १७, आणि तोही ‘स्टॅलाग १७’ या कैदी-छावणीवरच्या जुन्या चित्रपटाची आठवण देणारा. पळून जाताना पुन्हा पुन्हा पकडली जाणारी नायिका कोंबडी जिंजर दर वेळी कोळशाच्या पेटीत डांबली जाते, तरी एकटीने सुटायचे तिच्या मनातही येत नाही. सगळ्यांना घेऊनच जायचे हा तिचा हट्ट.

अंडे न देणाऱ्या कोंबडीची मान कापली जाते. हे चित्रपट सुरुवातीलाच सांगतो आणि लहान प्रेक्षक आहेत म्हणून लपवत नाही. कुऱ्हाडीचा घाव तेवढा पडद्याआड ठेवतो. सतत विणत बसणाऱ्या बॅब्सला मात्र वाटते, नाहीशी झालेली मैत्रीण सुटीवर गेली असेल. इथे हसू येते आणि पोटात गोळाही येतो. संकट खरे ठेवल्यामुळेच यातला विनोद मोठ्या माणसांनाही पुरून उरतो. पुढे ट्वीडीबाई कोंबडीचे ‘पाय’ (pie, म्हणजे सारण भरून भाजलेला खाद्यपदार्थ) बनवण्याचे यंत्र आणतात, सर्कशीतला अमेरिकन कोंबडा रॉकी उडायला शिकवण्याची थाप मारतो, आणि अखेर कोंबड्या स्वतःच विमान बांधायला घेतात.

स्टॉप-मोशनमध्ये बाहुली हाताने किंचित हलवायची, एक फ्रेम टिपायची आणि पुन्हा हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात, त्यामुळे एका ॲनिमेटरच्या दिवसभराच्या कष्टातून जेमतेम काही सेकंद हाती येतात. आर्डमनची ओळख प्लॅस्टिसीनच्या, म्हणजे मळून आकार देता येणाऱ्या मऊ मातीसारख्या पदार्थाच्या, बाहुल्यांची. पण काडीसारख्या पायांवर गोलमटोल कोंबडी उभी करायची तर ती अख्खी प्लॅस्टिसीनची करून भागत नाही. वजन पेलत नाही आणि पिसांची नक्षी बोटांखाली चेपली जाते. म्हणून आत धातूचा सांधेदार सांगाडा, त्यावर सिलिकॉनचे धड आणि वर प्लॅस्टिसीनचे डोके अशी रचना केली. डोके धडाला जुळते तो जोड झाकण्यासाठी गळ्यात रुमाल नाहीतर मण्यांची माळ घातली. अडचणीतून निघालेली ही युक्ती प्रत्येकीची वेगळी ओळख होऊन बसली.

जिंजरला ज्युलिया सावाला, रॉकीला मेल गिब्सन आणि ट्वीडीबाईंना मिरांडा रिचर्डसन यांनी आवाज दिला. संगीत जॉन पॉवेल व हॅरी ग्रेगसन-विल्यम्स यांचे.

चित्रपटाने जगभरात २२ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि तो सर्वाधिक उत्पन्न मिळवणारा स्टॉप-मोशन चित्रपट ठरला. ॲनिमेशनपटांसाठी ऑस्करचा स्वतंत्र स्पर्धात्मक पुरस्कार तेव्हा नव्हता. तो २००१ च्या चित्रपटांपासून सुरू झाला. सॅम फेल दिग्दर्शित दुसरा भाग ‘डॉन ऑफ द नगेट’ २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्यात जिंजर आणि रॉकी यांचे आवाज बदलले असून थँडिवे न्यूटन आणि झॅकरी लीव्हाय यांनी ते दिले आहेत.