ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुवायला नकोत?
कळव्यापासून वाशीपर्यंत, वॉर्डात असो की घरी रुग्ण सांभाळणाऱ्या मावशी असोत, हा समज सगळीकडे भेटतो. तो चूक आहे. ग्लोव्हजना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, शिवाय काढताना बाहेरची घाण हाताला लागते. त्याहून वाईट म्हणजे एकाची लघवीची पिशवी रिकामी करून त्याच ग्लोव्हजनी दुसऱ्याच्या सलाईनला हात लावणं. अशाने जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. म्हणून दर रुग्णाला नवी जोडी, आणि घालण्याआधी व काढल्यावर हात स्वच्छ करायचेच. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळा. हात मळलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब होत असतील, तर मात्र साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद. नातेवाइकांनो, 'सिस्टर, हात धुतलेत ना?' असं बिनधास्त विचारा.