कुपीवरच्या चार ओळी आणि त्यांच्यामागचा इतिहास

सांगली-साताऱ्याच्या एखाद्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत शुद्ध मानवी प्रथिनाची कुपी येते, ती बहुधा १० किंवा ५० मायक्रोग्रॅमची. तळाशी दिसेल न दिसेल असा पांढरा थर, आणि लेबलवर मोजक्या ओळी: यजमान (प्रथिन ज्यात बनले तो जीव) ई. कोलाय हा जिवाणू, हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली शेपटी), एंडोटॉक्सिनची (जिवाणूच्या आवरणातल्या विषारी अंशाची) मर्यादा, कॅरिअर-फ्री (सोबतीला दुसरे प्रथिन न घातलेले). विद्यार्थी त्या वाचतात आणि सोडून देतात. खरे तर प्रत्येक ओळ जुन्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे.

पूर्वी मानवी प्रथिन हवे तर मानवी ऊतीच लागत. वाढीचे संप्रेरक मृतदेहांच्या पीयूषिका ग्रंथींतून काढले जाई. ते घेतलेल्यांपैकी काहींना क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदूचा रोग झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले आणि अमेरिकेत तो पुरवठा थांबला. त्याच वर्षी जिवाणूंत बनवलेल्या संप्रेरकाला तिथे मान्यता मिळाली.

मात्र जिवाणूकडून मानवी प्रथिन करवून घेणे आधीच जमले होते. १९७३ मध्ये कोहेन आणि बॉयर यांनी प्लाझ्मिडमध्ये (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या कड्यात) परका डीएनए जोडून दाखवला, आणि १९७७ मध्ये इताकुरा, रिग्ज व बॉयर यांच्या गटाने अवघ्या १४ अमिनो आम्लांचे सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक ई. कोलायमध्ये बनवले. एवढीशी साखळी जिवाणूचीच विकरे खाऊन टाकत. म्हणून ती बीटा-गॅलॅक्टोसिडेज या मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडली, मधे मेथिओनिन हे एक अमिनो आम्ल ठेवले आणि सायनोजेन ब्रोमाइड या रसायनाने नेमके तिथे तोडले. सोमॅटोस्टॅटिनमध्ये स्वतःचे मेथिओनिन नाही, म्हणून ते शाबूत राहिले. १९७८ मध्ये इन्सुलिनच्या दोन्ही साखळ्या याच युक्तीने वेगवेगळ्या बनवून नंतर जोडल्या गेल्या. औषध म्हणून मान्यता १९८२ ची.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो यजमानाच्या ओळीत. स्टुडिअर आणि मोफॅट यांनी १९८६ मध्ये टी७ पद्धत (टी७ विषाणूच्या विकराकडून जनुक वाचून घेण्याची) दिली आणि उत्पादन भरघोस झाले. पण ३७ अंशांवर प्रथिनाच्या साखळ्या घडी (योग्य त्रिमितीय आकार) बसण्याआधीच एकमेकींना चिकटतात आणि अविद्राव्य गोळे होतात. त्यातच जिवाणूच्या पेशीद्रवात डायसल्फाइड बंध (घडी पक्की करणारे गंधकाचे दुवे) सहसा टिकत नाहीत. उपाय साधा आहे: ओडी (कल्चरची, म्हणजे वाढत्या जिवाणूंच्या द्रवाची गढूळता) ०.६ झाली की तापमान १८ अंशांवर आणावे, ०.१ ते ०.५ मिलिमोलर आयपीटीजी (जनुक चालू करणारे रसायन) द्यावे आणि रात्रभर हलवत ठेवावे. आपल्याकडे अडते ते इथेच. थंड करण्याची सोय नसलेला शेकर (कल्चर हलवणारे यंत्र) खोलीच्या तापमानाखाली जात नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये सांगलीत त्यावर १८ अंश मिळणारच नाहीत. रात्री वीज गेली तर हवा न मिळालेले कल्चरही हातचे जाते.

गोळे झालेच तर ८ मोलर युरियात विरघळवून, हळूहळू पातळ करत पुन्हा घडी बसवावी लागते. युरिया ताजा हवा आणि तापवू नये, कारण त्यातून बनणारे सायनेट प्रथिनाच्या अमिनो गटांना कायमचे चिकटते.

हिस-टॅगची मुळे १९७५ सालातली. धातूंच्या आयनांवर प्रथिने धरण्याची पद्धत पोराथ यांची. १९८८ मध्ये होखुली व सहकाऱ्यांनी हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा कड्यांची शेपटी निकेल-एनटीए रेझिनवर (निकेल धरून ठेवणाऱ्या मण्यांवर) धरून दाखवली. पीएच ८, ३०० मिलिमोलर मीठ, धुण्याला २० आणि सोडवायला २५० मिलिमोलर इमिडाझोल (निकेलवर हिस्टिडिनची जागा घेणारे रसायन) ही कृती आजही चालते. पीएच ६ च्या खाली गेला की हिस्टिडिन प्रोटॉन घेते आणि पकड सुटते. बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ईडीटीए हे धातू पकडणारे रसायन असेल तर निकेलच निघून जाते, आणि डीटीटी हे क्षपणकारक जास्त झाले तर निळा रेझिन तपकिरी पडतो. प्रथिन जिथे मोजतात त्या २८० नॅनोमीटरला इमिडाझोल स्वतःही प्रकाश शोषते, म्हणून ब्लँक (तुलनेचा शून्य नमुना) त्याच बफरचा घ्यावा. नाहीतर नसलेले प्रथिन मोजले जाते.

एंडोटॉक्सिनची ओळ पेशींवर काम करणाऱ्यांनी कधीही वगळू नये. ई. कोलायच्या आवरणातले एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड, हेच ते एंडोटॉक्सिन) प्रथिनासोबत येते आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी अत्यल्प प्रमाणालाही प्रतिसाद देतात. दिसलेला परिणाम प्रथिनाचाच आहे का, हे पाहायला एक नमुना उकळून वापरावा: बहुतेक प्रथिने मोडतात, एलपीएस टिकते. उकळूनही परिणाम तसाच राहिला, तर संशय एलपीएसवर. शर्करेचे गट हवे असलेल्या प्रथिनांसाठी मात्र सस्तन पेशीच लागतात. १९८७ मध्ये मान्यता मिळालेले टीपीए (रक्ताची गुठळी विरघळवणारे प्रथिन) चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशींत बनले ते म्हणूनच.

उरली कॅरिअरची ओळ. विरळ द्रावणातले प्रथिन प्लॅस्टिकला चिकटून नाहीसे होते, म्हणून कॅरिअर म्हणून ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातले अल्ब्युमिन) घालतात. पण त्याच प्रथिनाला रंग जोडायचा असेल तर तो बीएसएलाही लागतो, आणि मग कॅरिअर-फ्री माल घ्यावा लागतो. कुपी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवा, कारण पावडर झाकणाला लागलेली असते. द्रावण व्होर्टेक्स करू (यंत्रावर जोराने घुसळू) नका, हलकेच पिपेटने वरखाली करा, आणि १० मायक्रोलिटरचे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नये. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगली शहराचा बराच भाग पाण्याखाली होता. नदीकाठच्या प्रयोगशाळेने फ्रीझर वरच्या मजल्यावर आणि स्वतंत्र जनरेटरच्या लाइनवर ठेवावा.