जिमखाना

जिमखाना म्हणजे खेळ व व्यायामाची सोय असलेली जागा, किंवा ती चालवणारी संस्था. इंग्रजी कोशांत हा शब्द रुळलेला असला तरी तो घडला हिंदुस्थानात, एकोणिसाव्या शतकात.

यातल्या ‘खाना’ची ओळख मराठी माणसाला करून द्यायला नको. जागा किंवा घर या अर्थाचा हा फारसी शब्द दवाखाना, कारखाना, तोफखाना यांतून आपल्याकडे मुरला. पेच आहे तो ‘जिम’चा. आज तो सरळ जिम्नॅस्टिक्समधला वाटतो. पण हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात वेगळा माग दिला आहे. साहेब लोक भिंतींनी बंदिस्त केलेल्या जागेत भिंतीवर चेंडू मारून रॅकेट्स खेळत. त्या जागेला हिंदुस्तानी बोलणारे लोक ‘गेंदखाना’ म्हणत. त्यातल्या ‘गेंद’चे ‘जिम’ झाले ते जिम्नॅस्टिक्सच्या ओढीने, असा कोशकारांचा तर्क. तो पटतो. नुसत्या उच्चाराच्या घसरणीने ‘गेंद’चा ‘जिम’ होत नाही. कानाला ओळखीचा शब्द मध्ये आला की होतो. लोकव्युत्पत्ती म्हणतात ती हीच. या कोशाला सापडलेला पहिला वापर १८६१ चा, रुडकीचा. शब्दाचा जन्म मात्र मुंबई इलाख्यात झाला असावा असे तो मानतो.

पुढे शब्द मुंबईत फोफावला. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा. जमातवार मैदाने आणि जमातवार संघ ही मुंबई क्रिकेटची जुनी घडण या नावांतच दिसते. बॉम्बे जिमखान्यात भारतीय माणसाला सभासदत्व नव्हते, आणि भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये झाला तो त्याच मैदानावर. तिथे लाला अमरनाथ यांनी ११८ धावा काढल्या. भारतातर्फे काढलेले ते पहिले कसोटी शतक, म्हणून या मैदानाचा उल्लेख त्यांच्याशिवाय अपुरा आहे.

इंग्लंडात गेल्यावर अर्थ बदलला. तिथे जिमखाना म्हणजे मुलांच्या तट्टूस्वारीच्या शर्यती व खेळ.

मराठीत तो कॉलेजच्या पावतीवर ‘जिमखाना फी’ म्हणून छापला जातो. पुण्यात १९०६ साली निघालेल्या डेक्कन जिमखान्याचे नाव आसपासच्या सगळ्या वस्तीला लागले. बोलताना मात्र पुणेकर ‘डेक्कनला उतरतो’ एवढेच म्हणतो.