चौतिसावी तार

जपान सरकारने २०२४ च्या मध्यावर, सरकारी कामात फ्लॉपीची सक्ती करणारे एक हजाराहून अधिक नियम रद्द केले. आपल्याकडे या बातमीवर भरपूर चर्चा झाली आणि त्या चर्चेत एक समज पुन्हा पुन्हा वाचायला मिळाला: फ्लॉपी ड्राइव्ह जोडला की संगणक तो आपोआप ओळखायचा, त्यात विशेष काय होतं? हा समज साफ चुकीचा आहे. फ्लॉपी ड्राइव्ह ओळखता येतच नाही. तो कोण आहे हे माणसाने सांगावं लागतं, आणि ते सांगणं म्हणजेच ड्रायव्हरचं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमतर्फे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, कॉन्फिगरेशन.

पेन ड्राइव्ह खोचला की तो आधी स्वतःची ओळख देतो: बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, आपण कोणत्या जातीचं उपकरण आहोत ते. मग ऑपरेटिंग सिस्टिम योग्य ड्रायव्हर शोधते. जुन्या फ्लॉपी ड्राइव्हच्या करड्या चपट्या केबलमध्ये ३४ तारा असतात. त्यातल्या विषम क्रमांकाच्या १७ तारा नुसत्या ग्राउंडच्या. उरलेल्यांपैकी बहुतेक तारांवरून संगणक ड्राइव्हला हुकूम सोडतो: मोटर चालू कर, हेड (वाचणारं-लिहिणारं टोक) एक ट्रॅक, म्हणजे तबकडीवरचं एक वर्तुळ, आत ने, आता लिही. ड्राइव्हकडून संगणकाकडे येणारे निरोप फक्त पाच. तबकडीचा एक फेरा पूर्ण झाला, हेड शून्याव्या ट्रॅकवर आहे, फ्लॉपीवर लिहायला मनाई आहे, वाचलेली माहिती ही घे, आणि फ्लॉपी बदलली. 'मी १.४४ मेगाबाइटचा, साडेतीन इंची' हे सांगायला तारच नाही.

म्हणून आयबीएमच्या एटी संगणकापासून (१९८४) ही माहिती बॅटरीवर जपलेल्या सीमॉस स्मृतीत ठेवायची पद्धत आली. तिथल्या एकाच बाइटचे दोन अर्धे केलेले असतात, वरचे चार बिट पहिल्या ड्राइव्हसाठी, खालचे चार दुसऱ्यासाठी. १ म्हणजे ३६० किलोबाइट, २ म्हणजे १.२ मेगाबाइट, ३ म्हणजे ७२० किलोबाइट, ४ म्हणजे १.४४ मेगाबाइट. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर सुरू होताना हा बाइट वाचतो आणि त्यावर विश्वास टाकतो. तो चुकीचा असेल, किंवा दोनपेक्षा जास्त ड्राइव्ह असतील, तर बूट करताना 'फ्लॉपी=२,४,सीमॉस' अशा धर्तीची ओळ द्यावी लागते: क्रमांक २ चा ड्राइव्ह ४ प्रकारचा समज. प्रकाराला इतकं महत्त्व अशासाठी, की प्रत्येक प्रकाराची चाल वेगळी असते. जुन्या ३६० किलोबाइटवाल्या ड्राइव्हचं हेड एका ट्रॅकवरून शेजारच्या ट्रॅकवर जायला जास्त वेळ घेतं. ड्रायव्हरने घाई केली तर पाऊल चुकतं, आणि ते चुकल्याचं लगेच कळतही नाही.

बाकीचे आकडे पीसीवर ठरलेले आहेत: इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी हाक) ६, डीएमए वाहिनी (प्रोसेसरला मध्ये न घेता स्मृतीत माहिती नेणारा मार्ग) २, पत्ता सोळा-आधारी ३एफ० पासून पुढे. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे 'डिव्हाइस.हिंट्स' नावाच्या फाइलमध्ये चक्क लिहून ठेवतात.

आता त्या पाचव्या निरोपाकडे, म्हणजे ३४ क्रमांकाच्या तारेकडे येतो. स्मृतीत ठेवलेली नक्कल शिळी झाली हे ओळखायचं कसं, या संगणकशास्त्रातल्या मोठ्या प्रश्नाचं इतकं छोटं रूप मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

फ्लॉपी हळू असते, म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यावरची महत्त्वाची पानं आपल्या स्मृतीत कॅश म्हणून ठेवते. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीवर पहिल्या बूट सेक्टरनंतर (सेक्टर म्हणजे ट्रॅकचा ५१२ बाइटांचा तुकडा) नऊ-नऊ सेक्टरांचे दोन फॅट तक्ते असतात, म्हणजे कोणत्या फाइलीचे तुकडे कुठे आहेत याच्या नोंदी, त्यानंतर १४ सेक्टरांची मूळ डिरेक्टरी. कोणती फाइल कुठे आहे याचा सगळा हिशेब या ३२ सेक्टरांत. समजा हा हिशेब स्मृतीत असताना तुम्ही फ्लॉपी काढून दुसरी घातली आणि सिस्टिमला ते कळलंच नाही. तर डिरेक्टरी मागितल्यावर पहिल्या फ्लॉपीच्या फाइलींची यादी दिसेल. इथवर ठीक. पण तुम्ही काही साठवायला गेलात, तर पहिल्या फ्लॉपीचा तक्ता दुसऱ्या फ्लॉपीवर लिहिला जाईल आणि तिच्यावरच्या फाइलींचा माग पुसला जाईल. डेटा तबकडीवर शाबूत, पण कोणता तुकडा कोणाचा हे सांगणारं काही उरलेलं नाही.

सुरुवातीच्या ३६० किलोबाइटच्या ड्राइव्हना हा निरोप देणारी सोय नव्हती. तेव्हा डॉसने माणसाच्या हातांच्या वेगावर भरवसा ठेवला: मागचं वाचन होऊन दोन सेकंदही झाले नसतील तर फ्लॉपी तीच आहे असं धरायचं. इतक्या वेळात दार उघडून, फ्लॉपी बदलून, दार लावणं जमत नाही. हा नियम मला फार आवडतो, कारण तो लिहिणाऱ्याने यंत्राइतकाच यंत्रासमोर बसलेला माणूसही हिशेबात धरला. पुढे डॉस ४ पासून (१९८८) फॉरमॅट करताना प्रत्येक फ्लॉपीवर तारीख-वेळेवरून बनवलेला क्रमांक लिहू लागले, म्हणजे शंका आली की तो पडताळता येई.

एटीबरोबर ३४ व्या तारेचा निरोप आला. फ्लॉपी बाहेर पडली की ड्राइव्हच्या आत एक खूण उठते. दुसरी फ्लॉपी घातली तरी ती खूण जात नाही, आणि खरी करामत इथेच आहे. नुसती 'आत फ्लॉपी आहे की नाही' एवढीच बातमी असती, तर ड्रायव्हर दुसरीकडे बघत असताना झालेली अदलाबदल त्याच्या नजरेतून सुटली असती. ही खूण कुरिअरवाल्याने बंद दारावर चिकटवून ठेवलेल्या चिठ्ठीसारखी आहे. तो कधीच निघून गेला तरी तुम्ही काढेपर्यंत चिठ्ठी तिथेच.

मग ती काढायची कशी? आत फ्लॉपी असताना हेडला एक पाऊल टाकायला लावायचं. पाऊल पडलं की खूण खाली येते. म्हणून ड्रायव्हर ३एफ७ या पत्त्यावरचा सर्वांत वरचा बिट वाचतो. तो १ असेल तर कॅश फेकून देतो आणि हेड हलवून पुन्हा वाचतो. बिट आता शून्य झाला, तर आत नवी फ्लॉपी आहे. अजून १ च असेल, तर ड्राइव्ह रिकामा. एका बिटातून तीन वेगवेगळ्या स्थिती ओळखता येतात: तीच फ्लॉपी, वेगळी फ्लॉपी, काहीच नाही. त्यात एक अडचण अशी, की हेड ज्या ट्रॅकवर आहे त्याच ट्रॅकवर जायला सांगितलं तर कंट्रोलर, म्हणजे संगणकातली ड्राइव्ह चालवणारी चिप, पाऊल टाकतच नाही. म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर मुद्दाम हव्या त्या ट्रॅकच्या शेजारी जाऊन परत येतो. फ्लॉपी बदलल्यावर येणारी ती बारीक 'टक्' यातूनही येते. सगळ्या ड्राइव्हवर चालेल अशी याहून नेटकी युक्ती कुणाला माहीत आहे का, असा प्रश्न त्या कोडमध्येच टिपणी म्हणून लिहून ठेवला आहे.

या एका तारेसाठी लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये किती पर्याय आहेत पाहा. आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपवर या बिटाचा अर्थ उलटा लावलेला होता. ते ड्रायव्हरला सांगितलं नाही, तर फ्लॉपी बदलल्यावर तो गाफील राहणार आणि न बदलता कॅश फेकत बसणार. त्यासाठी 'थिंकपॅड' हा पर्याय. काही ड्राइव्हवर ही तार नसतेच किंवा भरवशाची नसते. तिथे 'ब्रोकन_डीसीएल' (डीसीएल म्हणजे डिस्क चेंज लाइन, हीच ३४ वी तार) दिला की फ्लॉपी जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा ती बदललीच आहे असं ड्रायव्हर धरतो. काम हळू होतं आणि थोडं बेभरवशाचंही, म्हणून आधी केबल आणि जंपर (ड्राइव्हवरच्या पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) तपासा असा सल्ला लिनक्सचे दस्तऐवजच देतात. 'सायलेंट_डीसीएल_क्लिअर' खूण पुसण्यासाठी शांत रीत वापरतो. कंट्रोलर नीट वागणारा आहे याची खात्री असेल, तर 'डेअरिंग' दिल्यावर हा पर्यायही आपसूक लागू होतो.

'ड्रायव्हर अपडेट करा, संगणक तिप्पट वेगवान' अशा जाहिराती आजही जागोजागी दिसतात, आणि त्यांना भुलून लोक भलतीच सॉफ्टवेअरं टाकून घेतात. त्यांना फ्लॉपीचं गणित दाखवावं. तबकडी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पाच. एका फेऱ्यात एका बाजूचे १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट. सेकंदाला सुमारे ४६ हजार बाइट ही कमाल झाली. जगातला सर्वांत नवा ड्रायव्हर टाकला तरी तबकडी सहावा फेरा घेणार नाही. ड्रायव्हर बदलल्याने चूक दुरुस्त होऊ शकते, उपकरणाची घडण बदलत नाही.

खऱ्या कंट्रोलरवरचे असे ड्राइव्ह आता क्वचितच सापडतात. यूएसबीला जोडायचे फ्लॉपी ड्राइव्ह मिळतात, पण त्यांचा मार्ग वेगळा, ते या ड्रायव्हरकडे येतच नाहीत. जुलै २०१९ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या साडेचार हजारांहून अधिक ओळींच्या ड्रायव्हरवर 'अनाथ' असा शेरा मारला, कारण तो सांभाळणाऱ्याकडे चालू स्थितीतला ड्राइव्हच उरला नव्हता. नंतर त्याला नवा सांभाळणारा मिळाला. तोवर या ड्रायव्हरचा मुख्य वापर आभासी यंत्रांत, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकांत होऊ लागला होता. तिथे अनेकदा आभासी सीमॉस 'ड्राइव्ह आहे' म्हणतं, पण आत फ्लॉपी नसते. ड्रायव्हर वाचायचा प्रयत्न करत राहतो आणि बूट होताना 'एफडी०, सेक्टर ०' असा एरर येतो. तो पाहून हार्ड डिस्क गेली असं समजू नका. यंत्राच्या सेटिंगमधून फ्लॉपी काढा किंवा मॉडप्रोबच्या (लिनक्समध्ये ड्रायव्हर चढवणाऱ्या साधनाच्या) फाइलीत 'ब्लॅकलिस्ट फ्लॉपी' लिहा.

पण आभासी फ्लॉपीकडे दुर्लक्ष करणं सुरक्षेच्या दृष्टीने महागात पडू शकतं, हे मे २०१५ मध्ये दिसलं. क्यूईएमयू या आभासी यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आभासी फ्लॉपी कंट्रोलरमध्ये 'व्हेनम' नावाने गाजलेली त्रुटी सापडली. ती २००४ पासून तिथे होती. कंट्रोलरला हुकूम एकेक बाइट करून येतात आणि ५१२ बाइटांच्या जागेत साठतात. हुकूम संपला की मोजणी शून्यावर यायला हवी, पण मोजक्या हुकमांत ती येत नव्हती. त्यामुळे आभासी यंत्रातला हल्लेखोर बाइट घालतच राहून जागेबाहेर लिहू शकत होता, आणि तिथून खऱ्या यंत्रात शिरण्याची वाट उघडत होती. काही ठिकाणी फ्लॉपी सेटिंगमधून काढून टाकली तरी कंट्रोलरचा कोड जागाच राहत असे. दुरुस्ती अगदी थोडक्यात झाली: बाइट ठेवण्याआधी मोजणीला ५१२ ने भागायचं आणि जी बाकी उरेल तीच जागा धरायची.