नव्या रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर अडकतोय? दुकानात येण्याआधी एवढं वाचा

"साहेब, नवं कोरं आहे, चार राउंडसुद्धा मारले नाहीत, आणि ट्रिगर दाबला की परतच येत नाही." .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलेल्या आमच्या ग्राहकांचा हा नेहमीचा फोन. हत्यार बिघडलेलं क्वचितच असतं. म्हणून हे पत्रक.

काहीही तपासण्याआधी रिव्हॉल्व्हर रिकामं करा. सिलिंडरची, म्हणजे काडतुसं भरायच्या फिरत्या चक्रीची, सहाही घरं उजेडाकडे धरून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. "रिकामंच आहे" हे तोंडी सांगितलेलं आम्ही काउंटरवरही मानत नाही, उघडून बघतो. त्याचा राग मानू नका.

आता जड आणि अडकलेला यातला फरक बघा. घोडा, म्हणजे काडतुसावर मार देणारा मागचा खटका, मागे न ओढता नुसता ट्रिगर दाबला, की त्या एका दाबात सिलिंडरही फिरतो आणि घोडाही उचलला जातो. तो दाब जड लागणारच. घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर तोच ट्रिगर हलका लागतो. शिवाय दाबल्यावर बोट पूर्ण सैल सोडायचं असतं. अर्धवट सोडून पुन्हा दाबलं तर आतली कळ जागेवर बसत नाही आणि ट्रिगर अडल्यासारखा वाटतो. नवशिक्यांची निम्मी तक्रार इथेच मिटते.

बोट सोडूनही ट्रिगर मागेच राहतो किंवा रेंगाळत पुढे येतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा तेल असतं. कमी नव्हे, जास्त. नव्या हत्याराला गंज लागू नये म्हणून कारखान्यातून संरक्षक तेल-ग्रीस लावून येतं. ते साठवणीसाठी असतं, चालवण्यासाठी नाही. ते पुसून न काढता लोक त्यावर घरातलं तेल सोडतात. कुणी खोबरेल, कुणी करडईचं. करडईच्या तेलाच्या डब्याच्या तोंडाशी जमणारा चिकट थर सोलापुरात कुणाला सांगायला नको. हे तेल हवेने घट्ट होतं. तोच थर ट्रिगरच्या खाचेत बसतो, वर आपल्याकडची उन्हाळ्याची धूळ, आणि स्प्रिंगला ट्रिगर पुढे ढकलणं जमत नाही.

खंडेनवमीचं वेगळं सांगतो. शस्त्रपूजा जरूर करा, आमच्याही दुकानात होते. पण हळद-कुंकू थेट रिव्हॉल्व्हरवर वाहू नका. घोड्याच्या दोन्ही बाजूंना जी बारीक फट असते, तिच्यात कुंकू उतरतं, आतल्या तेलात कालवलं जातं आणि वाळून बसतं. बाहेरून हत्यार चकचकीत, आत लाल चिखल. तो काढायला पूर्ण खोलावं लागतं, आणि त्यात आमचा अर्धा दिवस जातो. रिव्हॉल्व्हर कापडात गुंडाळून कापडावर कुंकू लावा, पूजेत काही उणं राहत नाही.

दुसरी तक्रार उलटी असते: ट्रिगर अर्ध्यावर येऊन थांबतो, सिलिंडर फिरत नाही. रिकामं असताना नीट चालतं आणि भरल्यावरच अडतं का, ते आठवा. तसं असेल तर काडतूस तपासा. मागच्या बाजूची टोपी, जिच्यावर घोड्याचा मार बसतो ती, किंचित वर आलेली असली, किंवा काडतूस घरात पूर्ण बसलं नसलं, तरी सिलिंडर घासतो. रिकामं असतानाही अडत असेल, तर पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीच्या खाली बघा. न जळलेल्या दारूचे दोन-चार कण तिथे बसले तरी चांदणी पूर्ण खाली जात नाही. जुन्या टूथब्रशने कोरडंच झाडा. तिथे तेल घालू नका, पुढचे कण त्यालाच चिकटतील. सहापैकी एकाच घरावर अडत असेल तर ते घर लक्षात ठेवून आम्हाला सांगा. शोधाशोध वाचते.

घरी एवढंच करा: वरचं तेल सुती फडक्याने पुसा, ब्रश फिरवा, हत्यारांसाठीच्या पातळ तेलाचा एक थेंब, बस. ती छोटी बाटली आमच्याकडे मिळते आणि वर्षभर पुरते. कातडी होल्स्टरमध्ये महिनोन् महिने ठेवू नका, कातडं ओल धरतं. निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा केलेलं हत्यार परत मिळालं की लगेच पुसून घ्या. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या, आणि दोन्ही वेळा ज्यांची हत्यारं जमा होती त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं तेल गोठलेलं निघालं.

बाजूची प्लेट मात्र उघडू नका. स्क्रूची खाच चुकीच्या पेचकसाने उखडली की हत्यार जुनं दिसतं आणि किंमत उतरते. ओळखीच्या लेथवाल्याकडेही देऊ नका. शस्त्र कायदा १९५९ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, तुमचा आणि त्याचा दोघांचाही जीव टांगणीला कशाला? ट्रिगर हलका करून मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. कानस मारून हलका केलेला ट्रिगर खिशातही सुटू शकतो. "दुसरे करून देतात" असं ऐकवलं जातं. देत असतील.

आमच्याकडून घेतलेल्या रिव्हॉल्व्हरची पहिली सफाई विक्रीच्या किमतीत धरलेली आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत. बाहेरून घेतलेलंही बघून देतो, मजुरी आधी सांगून. मूळ परवाना सोबत हवाच. नोंदवहीत चढवल्याशिवाय हत्यार ठेवून घेता येत नाही, त्यामुळे "झेरॉक्स व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो" चालणार नाही. ज्या काडतुसांना अडतं ती वेगळ्या डबीत आणा.

आणि भरलेलं असतानाच अडकलं, उघडतही नसेल, तर ट्रिगरशी झटू नका आणि पिशवीत घालून दुकानात आणू नका. नळी भिंतीकडे किंवा जमिनीकडे, माणसं नसलेल्या बाजूला करून ठेवा, खोलीला कुलूप लावा, आणि आधी फोन करा.