रोमिओ-ज्युलिएटचा ऑपेरा, त्याचा शेवट आणि पडदा : थोडी पार्श्वभूमी
बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळानं पुढच्या महिन्यात रोमिओ-ज्युलिएटच्या फ्रेंच ऑपेराचं (म्हणजे गाण्यातूनच चालणाऱ्या नाटकाचं) रेकॉर्डिंग मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरवलंय, आणि ग्रुपवर पहिलाच प्रश्न आला तो "शेवट बदललाय म्हणे?" म्हणून हे लिहितोय. मूळ गोष्ट सांगत बसत नाही.

पाच अंक, पहिला प्रयोग पॅरिसला 27 एप्रिल 1867. त्याच वर्षी तिथं जागतिक प्रदर्शन भरलेलं, त्यामुळे गर्दी आयतीच मिळाली. दोघांची मिळून चार प्रेमगीतं आहेत आणि भांडण सगळं चौथ्यावरून. शेक्सपियरकडे ज्युलिएट मेली असं समजून रोमिओ विष पिऊन मरतो आणि मग ती औषधाच्या झोपेतून जागी होते. ऑपेरात विष पोटात गेलेलं असताना ती डोळे उघडते, दोघं गातात, तो कोसळायला लागतो तेव्हा ती खंजीर खुपसून घेते, देवाकडे क्षमा मागत दोघं जातात आणि पडदा. घराण्यांचा समेट वगैरे काही नाहीच. यावर जाणकार नाकं मुरडतात, की मरणारी माणसं गात कसली बसतात, हा प्रेक्षकांना खूश करायचा धंदा आहे.

पण जरा मागे गेलं तर गंमत आहे. इटलीत 1530 च्या सुमारास ही गोष्ट छापली गेली त्यात ज्युलिएट रोमिओ जिवंत असतानाच जागी होते, दोघं बोलतात. 1559 मध्ये एका फ्रेंच लेखकानं ती आपल्या भाषेत आणताना हे काढून टाकलं, त्यावरून 1562 चं इंग्रजी काव्य झालं आणि त्यावरून शेक्सपियरचं नाटक. म्हणजे फ्रेंचांनीच काढलं आणि तीनशे वर्षांनी फ्रेंचांनीच परत घातलं! मध्ये 1748 ला लंडनच्या एका नटानं शेक्सपियरच्याच नाटकात निरोपाचा प्रवेश घुसवला होता आणि इंग्रज लोक जवळजवळ शंभर वर्षं तोच बघत होते. तेव्हा "मूळ शेवट" म्हणजे नेमका कुठला, हे आधी ठरवा.

आणि तो प्रवेश ऐकल्यावर माझी तरी तक्रार राहत नाही. विष चढत असताना रोमिओला पहाट सांगणारा चंडोल ऐकू यायला लागतो, आणि आधीच्या अंकातल्या पहाटेच्या निरोपातली तिची जुनी ओळ आता तोच म्हणतो, हा दिवस नाही, हा रात्रीचा बुलबुल आहे. सूर तेच, फक्त आता खिडकी नाही, थडगं आहे.

आता मोठ्या पडद्याचं. थिएटरात न जाता ऑपेरा ऐकायची हौस जुनी, पॅरिसमध्ये 1881 च्या प्रदर्शनात लोक टेलिफोनचे रिसीव्हर कानाला लावून ऐकत होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसनं 1931 ला रेडिओवर अख्खा प्रयोग दिला, 1977 ला टीव्हीवर आणि 30 डिसेंबर 2006 पासून थेट सिनेमागृहांत. या ऑपेराचा नंबर 2007 मध्ये लागला, मग 2017 आणि 2024 ला परत. "लाइव्ह" शब्दानं गोंधळू नका, तिथली शनिवार दुपारची एकची वेळ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा, त्यामुळे आपण बघतो ते रेकॉर्डिंगच. पण एकाच प्रयोगाचं, प्लेबॅक नाही, ओठ हलवणं नाही, आणि हॉलमधल्या लोकांना तो आवाज माइकशिवायच पोचतो.

ज्यांच्या आजोबांनी गायकवाड सरकारच्या आश्रयातली नाटक मंडळी बघितली त्यांना एक गोष्ट खटकेल, इथं वन्समोअर देऊन उपयोग नाही. त्याबदल्यात क्लोजअप मिळतो. त्या हॉलमध्ये 3,800 च्या आसपास खुर्च्या आहेत, वरच्या माळ्यावरच्या माणसाला ज्युलिएट बोटाएवढी दिसत असणार, म्हणून तर ती गाऊन जागी होते. कॅमेरा मात्र इतका जवळ असतो की तिच्या पापण्या हललेल्या आपल्याला रोमिओच्या आधी दिसतात, रिकामी कुपी अजून त्याच्या हातातच असते.